झगा उलटा करून पाहा

बार्बी ही बाहुली पहिल्यांदा लोकांपुढे आली ती ९ मार्च १९५९ रोजी, न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात. बाहुली तीन डॉलरला. तिचे जादा कपडे मात्र वेगळे विकत घ्यायचे. संग्राहक आज शोधत असतात ते हेच जुने कपडे.

त्यांत एवढं काय आहे? अमेरिकेच्या शार्लट जॉन्सन यांनी ते बेतले आणि जपानमध्ये शिवून घेतले. बाहुली जेमतेम साडेअकरा इंचांची. पण झग्याला अस्तर, इवलीशी बटणं, खरोखर उघडणारी चेन! म्हणूनच जाणकार झगा आधी उलटा करतो. टाके पाहतो, बार्बीच्या नावाची कापडी पट्टी पाहतो. मग हातमोजे, पर्स, बूट मोजतो. मुलींच्या खेळात आधी हरवत ते हेच. त्यामुळे सगळ्या वस्तूंसह मिळालेला पोशाख अधिक मोलाचा.

यातलं पुष्कळसं बारीक काम जपानी बायकांनी घरी बसून केलं. पट्टीवर बाहुलीचं नाव आहे. शिवणारीचं कुठेच नाही. झगा उलटा करून पाहणारा नकळत तिच्याच हाताला दाद देत असतो.