साडेतेरा पोती की एकवीस किलो?

दिवाळी होऊन गेली होती. आसगावात मळणी आटोपत आली होती, अंगणात धान वाळत पडलं होतं. सुट्टीत आलेली भाची ओट्यावर बसून दोन मोबाईल शेजारी शेजारी धरून पाहत होती, एक तिचा आणि एक मैत्रिणीचा. दोन्हींवर एक्सेलचा एकच कोर्स, तोच शिक्षक, तेच चित्र.

"मामा, मी परवा ४९९ला घेतला न् इच्या मोबाईलवर आज ३९९ दाखवते. खोडलेली किंमत मात्र दोघींचीही सारखीच!"

शंभर रुपयांचाच फरक होता, पण तिचे डोळे भरून आले. ते पैसे तिने शिकवणीच्या कमाईतून साठवले होते. रागाच्या भरात तिने शिक्षकालाच निरोप धाडला, 'सर, तुम्ही मला जास्त पैसे लावले.' संध्याकाळी उत्तर आलं, 'ताई, आजचा भाव मी ठरवलेला नाही. तुमच्या पैशातले माझ्या हाती किती पडले हे सांगितलं तर तुम्हाला खरं वाटणार नाही.'

त्या उत्तराने मी रात्रभर आकडेमोड करत बसलो. आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या चौरास भागात कोणत्याही रकमेचं खरं वजन कळायला ती धानात मोजावी लागते, म्हणून मीही धानातच मोजलं. २०२५-२६ च्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. म्हणजे किलोला २३ रुपये ६९ पैसे.

भाचीचं ॲप बाजूला ठेवतो. या धंद्यात ज्याचे नियम जाहीर आहेत, तो बाजार घेऊ. २०१० साली सुरू झालेली उडेमी ही जगातली एक मोठी कोर्सपेठ. काही वर्षांपूर्वी तिच्यावर भारतात १२,८०० रुपये ही खोडलेली किंमत सर्रास दिसायची आणि तिच्या शेजारी चारशे-पाचशेच्या घरातला आकडा असायचा. १२,८०० रुपये म्हणजे ५४० किलो धान. चाळीस किलोच्या पोत्याने साडेतेरा पोती. आणि पाचशे रुपये म्हणजे एकवीस किलो, अर्ध्या पोत्याहून थोडं जास्त. एकाच वस्तूवर एकाच वेळी हे दोन्ही आकडे लिहिलेले. आपल्या खरेदी केंद्रावर कुणी फळ्यावर साडेतेरा पोती लिहून हातात एकवीस किलो ठेवले असते, तर तिथे दिवसभर भांडण चाललं असतं.

आता ते एकवीस किलो कुठे कुठे जातात ते पाहा. पाचशे रुपयांत १८ टक्के जीएसटी धरलेला आहे असं समजू. तो काढला की उरतात साधारण ४२४. गिऱ्हाईक शिक्षकाने स्वतःच्या लिंकवरून आणलं, तर उडेमीच्या नियमाप्रमाणे शिक्षकाला ९७ टक्के मिळतात, म्हणजे सुमारे ४११ रुपये. तेच गिऱ्हाईक उडेमीच्या दुकानात फिरत फिरत आलं, तर शिक्षकाला ३७ टक्के, म्हणजे १५७ रुपये. आणि खरेदी मोबाईल ॲपमधून झाली तर ॲपस्टोअरचे ३० टक्के आधी कापले जातात, मग शिक्षकाच्या हाती उरतात सुमारे ११० रुपये. धानात सांगायचं तर सव्वासतरा किलो, साडेसहा किलो किंवा साडेचार किलो. विद्यार्थ्याने तिन्ही वेळा पाचशेच मोजले. शिकवणाराही तोच, तास आणि मेहनतही तीच.

आता हाच हिशेब मोठ्या मापाने करून पाहू. उडेमीवर शिकणाऱ्यांची संख्या ७ कोटींच्या वर आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्या भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ होती. म्हणजे असे ५८ भंडारा जिल्हे एका दुकानात उभे आहेत. शिकवणारे ऐंशी हजारांच्या वर, म्हणजे एका शिक्षकामागे आठशेच्या वर विद्यार्थी. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शाळेत तीस मुलांमागे एक शिक्षक ठरवला आहे. त्या दुकानात कोर्स अडीच लाखांच्या आसपास आहेत. सरासरी दहा तासांचा एक कोर्स धरला आणि रोज आठ तास, एकही सुट्टी न घेता कुणी पाहायला बसलं, तर सगळे संपायला ८५६ वर्षं लागतील. आज संपवायचे असतील तर महानुभाव पंथाच्या चक्रधर स्वामींच्या जन्माआधी बसायला हवं होतं.

भाचीच्या शंभर रुपयांची खरी किंमत मला या गर्दीत कळली. त्या ७ कोटींतल्या प्रत्येकाने आयुष्यात एकच कोर्स घेतला आणि भावात फक्त दहा रुपयांचा फरक पडला, तरी रक्कम होते ७० कोटी रुपये. हमीभावाने त्याचं जवळजवळ २ लाख ९५ हजार क्विंटल धान येतं. दहा टनी ट्रक धरले तर २,९५० ट्रक. ते एकामागे एक उभे केले आणि एका ट्रकला दहा मीटर धरले, तर रांग साडेएकोणतीस किलोमीटर लांब होते. दहा रुपयांसाठी ओट्यावर कुणी भांडत नाही. पण भाव ठरवणाऱ्याच्या टेबलावर त्या दहा रुपयांची ही रांग असते.

शिक्षकांनीही हा हिशेब केला नाही असं नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये उडेमीने सगळे कोर्स २० ते ५० डॉलरच्या आत बसवायचा नियम आणला. त्याआधी ३०० डॉलरपर्यंत किंमत लावता येत होती. दोन वर्षं खपून कोर्स तयार करणाऱ्याला आणि शनिवार-रविवारात उरकणाऱ्याला एकाच दावणीला बांधलं होतं. शिक्षक संतापले, काही सोडून गेले, आणि त्याच वर्षात वरची मर्यादा २०० डॉलरपर्यंत न्यावी लागली. पण २०० डॉलर हा आकडा खोडण्यापुरताच राहिला. अमेरिकेत या खोडलेल्या किमतींवरून ग्राहक कोर्टात गेले आणि ते प्रकरण तडजोडीने मिटलं. भारतातल्या १२,८०० चं मूळही त्या दोनशे डॉलरमध्येच आहे.

पुढचा घाव आणखी शांतपणे बसला. कंपन्यांना वर्गणीवर दिल्या जाणाऱ्या कोर्सच्या उत्पन्नात शिक्षकांचा वाटा २५ टक्के होता. तो २०२४ मध्ये २० झाला, २०२५ मध्ये साडेसतरा आणि २०२६ साठी १५. ठेक्याने दिलेल्या बांधीचा वाटा मालकाने तीन हंगामांत पंचवीसवरून पंधरावर आणला, तर गावात पंचायत बसेल. इथे शिक्षक जगभर विखुरलेले, एकमेकांचं तोंडही न पाहिलेले. पंचायत बसणार कुठे?

विद्यार्थी नेहमी निर्दोष असतो असंही मी म्हणणार नाही. स्पर्धा परीक्षांच्या शिक्षिका नीतू सिंह यांची व्याख्यानं टेलिग्रामच्या चॅनेलांवर चोरून फिरत होती, काही ठिकाणी नाममात्र पैशांत विकलीही जात होती. त्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयाने टेलिग्रामला त्या चॅनेलांमागच्या लोकांची माहिती देण्याचा आदेश दिला. पाच हजारांचा कोर्स पन्नासात मिळतो म्हणून घेणारी मुलं माझ्या ओळखीतही आहेत. त्यांच्या घरी विचारावं, आपलं धान रात्री कुणी भरून नेलं तर? पण साडेतेरा पोती लिहून एकवीस किलोला विकण्याची सवय लावल्यावर त्या मुलाला ज्ञानाचा खरा भाव कुणी शिकवायचा, हेही विचारलं पाहिजे.

आपल्या महाराष्ट्रात भाव लावायची दुसरी रीतही लोकांनी पाहिली आहे. २००१ साली स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी या संगणक कोर्सला हजारो केंद्रं आहेत आणि कोटीच्या वर लोक तो शिकून गेले. फी आधी जाहीर होते. पवनीच्या केंद्रात बसलेल्या मुलीला शेजारच्या खुर्चीवरच्या मैत्रिणीने किती भरले, हा प्रश्न पडत नाही. कोर्स कसा आहे यावर वाद घालता येईल, भावावर नाही. अलख पांडे यांनी फिजिक्स वालाची तुकडी २०२० मध्ये ९९९ रुपयांना उघडली तेव्हाही तो आकडा हजारो मुलांसाठी सारखाच होता.

कायदा अगदीच गप्प नाही. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्र सरकारने फसव्या मांडणीचे १३ प्रकार नोंदवून त्यांवर बंदी घातली. 'ऑफर संपायला उरले दोन तास' अशी खोटी घाई त्यांतलीच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, म्हणजे आसगावच्या माणसाने भंडाऱ्याच्या जिल्हा आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, अर्ज घरबसल्याही भरता येतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. स्पर्धा परीक्षा आणि अभियांत्रिकीच्या शिकवण्यांत पैसे अडकलेल्या सहाशेवर विद्यार्थ्यांना या हेल्पलाइनमार्फत १ कोटी ५६ लाख रुपये परत मिळाले. भागून पाहिलं तर एकेकाचे सरासरी सव्वीस हजारांपर्यंत, म्हणजे जवळजवळ अकरा क्विंटल धान.

सकाळी हे सगळं मी भाचीला कागदावर मांडून दाखवलं. ती बराच वेळ साडेचार किलोच्या आकड्यावर बोट ठेवून बसली. मग म्हणाली, "मी सरांनाच बोलली न, मामा." तिने आदल्या दिवशीच्या निरोपाखाली दोन ओळी लिहिल्या. माफी मागितली आणि विचारलं, 'तुमच्या पुढच्या कोर्सची तुमची स्वतःची लिंक आहे का?'

चार दिवसांनी लिंक आली. ४४९ रुपये. मैत्रिणीला बोलावून दोघींनी पुन्हा मोबाईल शेजारी शेजारी धरले. दोन्हींवर आकडा एकच होता.