पाणी निळं चमकलं म्हणजे नेमकं काय?

जंतू तपासायला पाण्याच्या नमुन्यात टाकलेली पावडर जंतूंना चिकटते आणि म्हणून ते दिसतात, हा समज फार पक्का आहे. प्रत्यक्षात पावडरीत शर्करेच्या रेणूला जखडलेली रंगद्रव्यं असतात. जखडलेली असेपर्यंत ती मुकी. कोलिफॉर्म जिवाणूंचं बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे विकर एक जोडी तोडतं आणि पाणी पिवळं होतं. त्यांपैकी बहुतेक ई. कोलायकडे आणखी एक विकर असतं, बीटा-ग्लुक्युरोनिडेज. त्यानं दुसरी जोडी तोडली की अतिनील दिव्याखाली बाटली निळी चमकते.

निकाल मात्र लगेच मिळत नाही. ३५ अंश सेल्सिअसला साधारण २४ तास बाटली ठेवावी लागते, कारण मोजक्या जंतूंची संख्या भरपूर वाढल्याशिवाय रंग दिसत नाही. नमुना घेतानाची एक चूकही निकाल फिरवते. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकलेलं पाणी, क्लोरीन निष्प्रभ करणारं सोडियम थायोसल्फेट नसलेल्या बाटलीत भरलं, तर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत क्लोरीन जंतू मारतच राहतो. मग अहवाल नळापेक्षा चांगला येतो!

नुसतं पिवळं पाणी पाहून ‘मैला मिसळला’ म्हणू नये; कोलिफॉर्म मातीत आणि पालापाचोळ्यातही असतात. निळी चमक विष्ठेकडे बोट दाखवते. बहुतेक ई. कोलाय स्वतः निरुपद्रवी असले, तरी ते ज्या वाटेनं आले त्याच वाटेनं टायफॉइडही येऊ शकतो. म्हणून आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार १०० मिलिलिटर पिण्याच्या पाण्यात ई. कोलाय आढळता कामा नये.

सगळ्यात घातक समज उलटा आहे: चमकलं नाही, म्हणजे बिनधास्त प्या. १९८२ साली अमेरिकेत हॅम्बर्गरमधून लोकांना रक्ताचे जुलाब झाले, त्यामागे ई. कोलाय ओ१५७:एच७ हा प्रकार होता. रक्ताचे जुलाब आणि प्रसंगी मूत्रपिंड निकामी करणारा हा जंतू सहसा चमकतच नाही, कारण त्याचं ग्लुक्युरोनिडेज काम करत नाही. त्याला हुडकायला सॉर्बिटॉल घातलेलं माध्यम वापरतात. त्यावर इतर ई. कोलायच्या वसाहती गुलाबी येतात, याच्या फिक्या.

ग्रामपंचायतीत वापरतात ती काळी पडणारी बाटली वेगळीच. ती जंतूंनी सोडलेला हायड्रोजन सल्फाइड वायू ओळखते, ग्लुक्युरोनिडेज नव्हे. बोअरच्या पाण्याला मुळातच या वायूचा, सडक्या अंड्यांसारखा वास असेल, तर ती जंतूंशिवायही काळी पडते.