माझ्या बाजूने कोण बोलेल?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत बऱ्हाणपूरला मावशीकडे गेले होते. तापीकाठचे हे गाव मध्य प्रदेशातले, पण बुधवाऱ्यातले मावशीचे घर आपल्या घरांसारखेच दोन भाषांचे. आपल्याकडे मराठी-कन्नड, तिथे मराठी-हिंदी, एवढाच फरक.

एका दुपारी शेजारची सून मागच्या दाराने आत आली. दंडावर काळेनिळे वळ. नवरा पॉवरलूमवर कामाला, दोन लहान मुले. मारहाण नेहमीचीच. ती म्हणाली, "ताई, तुम्ही कॉलेजात शिकवता ना? मी कोर्टात गेले, तर माझ्या बाजूने कोण बोलेल?"

मी म्हणाले, "मुले लहान आहेत, जरा सांभाळून घे." मावशीनेही मान डोलावली. ती काही न बोलता निघून गेली.

त्या रात्री झोप लागली नाही. वर्गात मूलभूत हक्क शिकवणारी मी, आणि घरात माझे उत्तर आजीच्या काळचे! त्या अस्वस्थतेत फ्लेविया ॲग्नेस यांची आठवण झाली.

फ्लेविया मूळच्या मंगळूरच्या, शालान्त परीक्षा कन्नड माध्यमातून झालेल्या. लग्न करून मुंबईत आल्या आणि अनेक वर्षे नवऱ्याचा मार खाल्ला. घर सोडावे तर हातात ना पदवी, ना नोकरी. त्यात 1869 च्या घटस्फोट कायद्यानुसार ख्रिस्ती स्त्रीला केवळ छळाच्या कारणावरून घटस्फोट मिळत नसे. हा कायदा बदलायला 2001 साल उजाडले.

त्यांना वाट दिसली ती 1980 च्या सुमारास. आपल्या विदर्भातल्या मथुरा या आदिवासी मुलीवर 1972 साली पोलीस ठाण्यात बलात्कार झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले, तेव्हा देशभरच्या स्त्रिया रस्त्यावर आल्या. मुंबईतल्या त्या चळवळीत फ्लेविया सामील झाल्या. पुन्हा शिकायला लागल्या. 1988 मध्ये वकील झाल्या, पुढे बेंगळुरूच्या राष्ट्रीय विधि विद्यालयातून एम.फिल. केले. स्वतःची कहाणी त्यांनी एका छोट्या पुस्तकात न लाजता लिहिली.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रपट दिग्दर्शिका मधुश्री दत्ता यांच्यासह त्यांनी मुंबईत 'मजलिस' ही संस्था उभी केली. तिथे स्त्री वकील स्त्रियांचे खटले चालवू लागल्या. पण एक संस्था किती खटले चालवणार? म्हणून फ्लेवियांनी दुसरे काम हाती घेतले, शिकवण्याचे. तरुण वकील, पोलीस, संरक्षण अधिकारी, न्यायाधीश अशा सर्वांसाठी त्यांनी प्रशिक्षणे घेतली. कायदा पुस्तकात चांगला असून भागत नाही, तो राबवणारा माणूस तयार व्हावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते.

बुधवाऱ्यातल्या सुनेचा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. फौजदारी खटल्यात सरकारी वकील उभा राहतो तो सरकारच्या वतीने. जिच्यावर अत्याचार झाला, ती खटल्यात केवळ साक्षीदार! तिला तारीख कोणी कळवत नाही, उलटतपासणीत काय विचारतील हे कोणी सांगत नाही. फ्लेविया सरकारी वकील कधीच नव्हत्या, पण ही रिकामी जागा त्यांनी हेरली. महाराष्ट्र शासनाच्या महिला व बालविकास विभागाबरोबर 2011 मध्ये सुरू झालेल्या 'राहत' या उपक्रमात मजलिसच्या वकील पोलीस ठाण्यापासून निकालापर्यंत पीडितेसोबत राहू लागल्या. न्यायालयाच्या परवानगीने पीडितेचा वकील सरकारी वकिलाला साहाय्य करू शकतो, अशी तरतूद 2009 च्या अखेरीस लागू झाली होती. 2024 पासूनच्या नव्या संहितेतही ती कायम आहे.

त्यांची मते सर्वांना पटतात असे नाही. मुंबईच्या शक्ती मिल प्रकरणात 2014 मध्ये तिघांना फाशी सुनावली गेली, तेव्हा लोकांनी समाधान व्यक्त केले, फ्लेवियांनी मात्र फाशीला विरोध केला. बहुतेक वेळा गुन्हेगार घरचा किंवा ओळखीचा असतो. त्याला फाशी होईल म्हटल्यावर मुलगी तक्रारच करणार नाही, असे त्यांचे म्हणणे. शिक्षेच्या कठोरतेपेक्षा त्यांना तक्रार करणारीची वाट सोपी होणे महत्त्वाचे वाटते.

सकाळी उठून मी त्या सुनेला बोलावले, आणि आदल्या दिवशीचे उत्तर चुकले असे स्वच्छ सांगितले. कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा तिला समजावला. मारहाण थांबवण्याचा हुकूम मागता येतो, खर्च मागता येतो, आणि घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असले तरी त्यात राहण्याचा हक्क मागता येतो. अर्ज करायला संरक्षण अधिकारी मदत करतात. उत्पन्न कितीही असो, स्त्रीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. 181 ही महिला हेल्पलाइन आहे.

माझ्या निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी संरक्षण अधिकाऱ्यांकडे गेलो. तिने हिंदीत सांगितले, अडली तिथे मराठीत बोलली. मी फक्त शेजारच्या खुर्चीवर बसून होते. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून सगळे बोलता आले."

आपल्या सीमाभागात तर अडचण दुहेरी असते. सून एका भाषेत रडते आणि कागद दुसऱ्या भाषेत निघतात. दोन्ही भाषा येणारे आपण घरोघरी आहोत. कुणाबरोबर तासभर जाऊन बसणे आपल्याला कठीण नाही.

परवा मावशीचा फोन आला. प्रकरण मॅजिस्ट्रेटपुढे आहे, निकाल अजून लागलेला नाही. सून त्याच घरात राहते आहे. पुढच्या तारखेला तिच्याबरोबर मावशी जाणार आहे.