घाईने खणू नका, एक पावसाळा जाऊ द्या

जुना बंगला विकत घेतला की सातबारा, वीजबिल, पाणीपट्टी सगळं हातात पडतं. बागेत काय काय लावलंय याची यादी मात्र कोणी देत नाही. त्यातून ताबा एप्रिल-मेमध्ये मिळाला, तर बाग ओळखायला याहून वाईट वेळ नाही. पांढरा चाफा पानं टाकून नुसत्या जाडजूड फांद्यांनी उभा असतो. तो मेलाय असं समजून तोडणारे काही कमी नाहीत. हळद, सुरण, भुईचाफा तर वर दिसतच नाहीत, जमिनीखाली झोपलेले असतात. अशा वेळी माळ्याला ‘सगळं साफ करून टाका’ म्हटलं की कुणीतरी हौसेनं जमवलेले कंद राडारोड्यात जातात.

थोडा धीर धरला तर वळवाच्या सुमारास मजा सुरू होते. पानाचा पत्ता नसताना मातीतून थेट फुलं वर येतात. पांढरं-जांभळट, सुगंधी असेल तर तो भुईचाफा. लाल चेंडू दिसला तर मे फ्लॉवर. आणि बागेत मेलेल्या उंदराचा वास येतोय पण उंदीर शोधूनही सापडत नसेल, तर बहुधा सुरण फुलला असेल. त्या कुजकट वासावर माश्या-किडे येतात आणि परागीभवन होतं.

फूल आल्याशिवाय झाड ओळखता येत नाही हा समज मात्र खरा नाही. पानं खोडावर कशी बसली आहेत ते आधी पाहावं. कण्हेरीची पानं बहुधा तिनाच्या फेऱ्यात येतात; पिवळ्या फुलांच्या बिट्टीची एकेक, आणि तोडल्यावर पांढरा चीक वाहतो. दोन्ही विषारी आहेत. म्हणून पान चावून बघायची जुनी खोड अनोळखी बागेत सोडलेली बरी. चुरगाळून वास घ्यायला हरकत नाही, पण चिकाच्या झाडाला तेही नको. खोड बोटांत फिरवून चौकोनी लागलं आणि पानांना वास असला, तर तुळस-सब्जाच्या कुळाचा संशय घ्यावा. कडुनिंबाच्या एकाच दांड्यावर पर्णिका असतात. बकाणनिंबाच्या दांड्याला आणखी फाटे फुटतात.

गुलाबाबद्दल एक वेगळीच तक्रार ऐकू येते: ‘आधी मोठी फुलं यायची म्हणे, आता बारीक घोस येतात.’ अशा वेळी कलमाचा सांधा बघा. त्याच्या खालून खुंटाचे फुटवे माजले असतील, तर वरचा गुलाब केव्हाच हरलेला असतो.

गाजरगवत कोवळं असताना शेवंतीचं रोप वाटतं, इतकं की लोक त्याला पाणी घालतात. या एका रोपासाठी मात्र थांबू नका, हातमोजे घालून फुलण्याआधीच उपटा. त्याने अनेकांच्या त्वचेला खाज सुटते.

फोनवरचं ॲप मदतीला येतं, पण एका पानाच्या फोटोवर ते जे सांगेल तो अंदाज समजावा. पानाची दोन्ही अंगं, फांदी, फूल, फळ असे वेगवेगळे फोटो द्यावेत. तरीही अडलं तर एखाद्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात विचारावं. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था आहेत. दोन्हीकडे वाळवलेल्या वनस्पतींचे मोठे संग्रह आहेत. नमुना न्यायचा तर फुलाफळासकट वीतभर फांदी वर्तमानपत्रात दाबून, कागद बदलत वाळवावी. फुलाचा रंग, वास आणि झाडाची उंची त्याच दिवशी चिठ्ठीवर लिहावी, कारण वाळलेल्या फांदीवरून यातलं काहीच सांगता येत नाही.