शेक आजचा, हिशेब पन्नास वर्षांचा

विशीतल्या मुलीला कॅन्सर झाला म्हटलं, की आधी एकच विचार येतो : ती वाचेल ना? हॉजकिन लिम्फोमा असेल, तर आज बहुतेकदा उत्तर ‘हो’ असतं. मान, काख आणि छातीतल्या लिम्फच्या गाठींचा हा कॅन्सर ऐन तारुण्यात गाठतो, पण बराही होतो. म्हणूनच दुसरा प्रश्न विचारायला हवा : बरी झाल्यानंतर पुढची पन्नास वर्षं कशी जातील?

१९६०-७०च्या दशकांत या आजारावर मानेपासून छातीखालपर्यंत, अंगावर शाल पांघरावी तसं रेडिएशन दिलं जायचं. आपल्याकडे बोलीत त्यालाच ‘शेक’ म्हणतात. डोस असायचा साधारण ४० ग्रे. कॅन्सर गेला, मुली घरी गेल्या. पण दहा-वीस वर्षांनी त्यांच्यातल्या अनेकींना ब्रेस्ट कॅन्सर झाला, काहींना हृदयविकार. कोवळ्या वयात स्तनातल्या पेशी वाढत असतात, त्यामुळे रेडिएशनचा मार त्यांना जास्त बसतो.

यातून डॉक्टर शिकले. आता केमोथेरपी आधी आणि रेडिएशन गरजेपुरतं, तेही फक्त जिथे आजार होता तिथेच. डोस बहुतेकदा २० ते ३० ग्रे. कुणाकुणाला त्याची गरजही पडत नाही.

एक युक्ती तर अगदी साधी आहे : खोल श्वास घ्या आणि वीसेक सेकंद रोखा! फुफ्फुसं फुगतात, हृदय खाली सरकतं आणि तेवढ्याच वेळात मशीन चालतं. प्रोटॉन थेरपीत किरण ठरलेल्या खोलीवर थांबतात, पलीकडे जात नाहीत. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियलच्या केंद्रात ही सोय आहे. अर्थात, ती प्रत्येकीला लागतेच असं नाही.

मग आपण काय करायचं? मैत्रिणीला किंवा बहिणीला छातीवर रेडिएशन घ्यायचं असेल, तर डॉक्टरांना बिनधास्त विचारा : हृदयाला आणि स्तनांना किती डोस जाणार? तो आणखी कमी करता येईल का? ट्रीटमेंटची फाइल जपून ठेवा. तिशीच्या आत छातीवर १० ग्रे किंवा जास्त डोस घेतलेल्यांनी वयाच्या पंचविशीपासून किंवा उपचारानंतर आठ वर्षांनी, यातलं जे नंतर येईल तेव्हापासून, दरवर्षी स्तनांची एमआरआय आणि मॅमोग्राफी करावी, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे.

भीतीपोटी उपचार मात्र टाळू नका. आजचा धोका कॅन्सरचाच मोठा असतो.