मेथीच्या पानावरची साक्ष



बाजारात मेथीची पेंडी घेताना आपल्या घरच्या बायका आधी पान उलटून बघतात. पान पिवळे किंवा डागाळलेले दिसले की पेंडी परत ठेवतात. डाग पडला म्हणजे कीड किंवा रोग, एवढाच आपला हिशेब. मात्र कधी कधी तो डाग हवेमुळेही पडलेला असतो. आपल्याकडे हे दाखवून देणाऱ्यांत एक मराठी नाव आहे, प्रा. शरद चाफेकर. मराठी विश्वकोशातील वनस्पतींवरच्या नोंदींखाली समीक्षक म्हणून हे नाव आपल्यापैकी काहींनी वाचलेही असेल. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी केलेले काम मात्र आपल्या भागात फारसे कोणाला ठाऊक नाही.

काळ १९७० च्या आसपासचा. मुंबईत चेंबूर-तुर्भे भागात तेलशुद्धीकरण कारखाने, खतांचा कारखाना आणि औष्णिक वीजकेंद्र जवळजवळ उभे राहिले होते. लोक चेंबूरला ‘गॅस चेंबर’ म्हणू लागले, ते काही उगीच नव्हे. हवा तपासायची यंत्रे महाग होती आणि थोडीच होती. मुंबईतील झाडांवर दूषित हवेचा काय परिणाम होतो, यावरचा चाफेकरांचा निबंध १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे डी. बी. बोरलकर यांच्यासोबत त्यांनी मेथी सल्फर डायऑक्साइड वायूत ठेवली आणि पानांना कशी इजा होते ते तपासले. औद्योगिक भागातील हवा झाडांकरवी कशी जोखावी, यावर बोरलकर आणि आर. पी. शेट्ये यांच्यासह लिहिलेला त्यांचा निबंध १९८० चा. हेच बोरलकर पुढे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सदस्य सचिव झाले.

अशा अभ्यासाची रीत कोणालाही समजेल अशी आहे. बियाणे एक, माती एक, पाणी सारखे. कुंड्या मात्र कारखान्यापासून वेगवेगळ्या अंतरावर ठेवायच्या. मग रोपांत जो फरक पडेल त्याचे कारण बहुतेक हवाच.

पान श्वास घेते ते पर्णरंध्रांतून. ही बारीक छिद्रे डोळ्यांना दिसत नाहीत. दगडी कोळसा किंवा जड तेल जळले की सल्फर डायऑक्साइड निघतो. तो या छिद्रांतून आत शिरतो, पेशींतल्या ओलाव्यात विरघळतो आणि तिथले हरितद्रव्य मोडतो. मग शिरांच्या मधला भाग पांढरट किंवा फिकट तपकिरी पडतो, शिरा मात्र हिरव्याच राहतात. फ्लोराइड असेल तर पानाचे टोक आणि कडा करपतात. म्हणजे कोणता वायू आला, याचीही थोडीफार खूण पानावर उमटते.

निपाणीकडच्या मंडळींना एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. ओझोन वायू ओळखण्यासाठी जगभर जे झाड वापरले गेले ते तंबाखूचे. अमेरिकेत तंबाखूच्या पानांवर बारीक ठिपके पडत, आणि शेतकरी ते हवामानामुळे पडतात असे समजत. १९५० च्या दशकाच्या अखेरीस हॉवर्ड हेगस्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की हे काम ओझोनचे आहे. गाड्यांच्या धुरातले वायू उन्हात एकमेकांत मिसळले की जमिनीलगत ओझोन तयार होतो. त्यांनी निवडलेल्या एका नाजूक वाणाचे नाव ‘बेल डब्ल्यू-३’. यातले ‘बेल’ म्हणजे आपले बेळगाव नव्हे, बेल्ट्सव्हिल हे तिकडचे संशोधन केंद्र! या वाणाशेजारी ओझोन सोसणारा ‘बेल-बी’ लावतात. पहिल्याच्या पानावर ठिपके आले आणि दुसऱ्याचे पान स्वच्छ राहिले, तर ओझोनचा संशय पक्का होतो.

झाडावर किती भरवसा ठेवावा, हा प्रश्न उरतोच. वायूचा आकडा पान सांगत नाही, त्यासाठी यंत्रच हवे. मॅग्नेशियम कमी पडले तरी शिरांच्या मधला भाग पिवळा पडतो. फरक असा की ते हळूहळू होते आणि जून पानांपासून सुरू होते. रोग किंवा कीड सहसा ठराविक पिकावर येते. वायूची इजा एक-दोन दिवसांत दिसते, वाऱ्याच्या दिशेला जास्त असते आणि शेजारच्या निरनिराळ्या पिकांवर एकाच वेळी उमटते. दुसऱ्या बाजूने पाहिले तर यंत्र फक्त हवेत किती वायू आहे ते सांगते. त्या हवेत जगणाऱ्या जिवाचे काय झाले, हे पानच सांगते. म्हणून मला दोन्ही हवीत असे वाटते.

खानापूर तालुक्यात विटांच्या भट्ट्या नव्या नाहीत. आमच्या नात्यातल्या एका घराच्या परसात मेथी, मुळा आणि घेवडा होता. जवळच भट्टी पेटली आणि दोन-तीन दिवसांत तिन्ही पिकांची पाने शिरांमध्ये पांढरी पडली. आजीने राख टाकली, काकांनी औषध मारले. तिन्हींवर एकदम कसली कीड आली, हे कोणी विचारले नाही. पुढच्या वेळी असे दिसले तर पाने उपटून टाकण्याआधी दिवस, वाऱ्याची दिशा आणि भट्टीचे अंतर वहीत टिपून ठेवा. दोन-चार पाने वर्तमानपत्रात दाबून सुकवा आणि मोबाइलवर फोटोही काढून ठेवा. कृषी खात्याच्या माणसाला किंवा तक्रार घेणाऱ्या कार्यालयाला दाखवायला हातात काहीतरी राहील. त्या वेळी आमच्याकडे काहीच नव्हते. मेथी केव्हाच उकिरड्यावर गेली होती.