लिनक्सवर घडलेली विंडोजची फाइल

निर्मळच्या यात्रेत दुकान मांडणाऱ्याला हिशेबाचा प्रोग्राम हवा आहे, असे समजा. त्याच्या संगणकावर विंडोज, लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर लिनक्स. दोन्हींत इंटेलचाच प्रोसेसर असला तरी लिनक्ससाठी कंपाइल केलेली फाइल विंडोज थेट चालवत नाही. लिनक्सची फाइल ‘ईएलएफ’ साच्याची, विंडोजची ‘पीई’. शिवाय फाइल उघडणे, पडद्यावर चौकट काढणे यांसाठी प्रणालीकडे मागणी करण्याची रीतही निराळी.

इथे क्रॉस-कंपायलर कामी येतो: तो चालतो लिनक्सवर, पण फाइल घडवतो विंडोजची. हातातल्या मोबाइलची अॅपसुद्धा संगणकावरच तयार होतात, चालतात अँड्रॉइडवर. सी आणि सी++साठी ‘मिंगडब्ल्यू-डब्ल्यू64’ फुकट मिळतो. ‘गो’ भाषेत तर 2015च्या 1.5 आवृत्तीपासून कोणती प्रणाली आणि कोणता प्रोसेसर एवढे सांगितले की बहुतेकदा भागते; मध्ये सी भाषेतली लायब्ररी आली की मात्र डोकेदुखी सुरू. तयार फाइल लिनक्सवरच, विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या ‘वाइन’मधून तपासता येते. तरी दुकानदाराच्या संगणकावर ती एकदा चालवावीच. सोबत द्यायची राहिलेली डीएलएल, म्हणजे प्रोग्रामला लागणारी लायब्ररीची फाइल, बहुधा तिथेच उघडी पडते.